ऑइल प्रेशर न मोजताच इंजिन खोलायला सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो. माझी डिझेल गाडी घेतल्यापासून तुमच्या वागळे इस्टेटमधल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच येते. पावसाळ्याआधी तिथे ऑइल चेंबरची (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याची) गळती काढून घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच घोडबंदर रोडवर गायमुखच्या कोंडीत ऑइल प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा लागायला लागला. मागे आईवडील बसलेले. रेस दिली की दिवा विझायचा, आणि इंजिन गार असताना लागायचाच नाही. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं होतं.

हे सगळं मी सर्व्हिस ॲडव्हायझरना सांगितलं. त्यांनी ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलून बिल लावलं. दिवा पुन्हा लागला, तेव्हा थेट निकाल दिला: "बेअरिंग गेलीत, इंजिन खोलावं लागेल." प्रेशर किती आलं, या प्रश्नाला उत्तर नाही. जॉबकार्डवर आकडाही नाही.

सेन्सर काढून त्याच जागी प्रेशर मोजायचं गेज लावायचं, इंजिन पूर्ण गरम करून आयडलवर (रेस न देता) आणि रेसवर रीडिंग घ्यायचं, एवढंच काम होतं. प्रेशर ठीक आलं तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. कमी आलं तर ऑइलचा ग्रेड चुकलाय का, ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय का, ऑइल पंपाची जाळी तुंबलीय का, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का, पंप झिजलाय का, हे बघायचं. बेअरिंग, म्हणजे इंजिनमधल्या फिरत्या दांड्याचे आधार, झिजल्यावरही दिवा असाच लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून तर मोजायला हवं होतं!

शेवटी बाहेरच्या मेकॅनिककडे माझ्यासमोर चेंबर उतरवला. पंपाच्या जाळीत राखाडी सिलिकॉनचे तुकडे अडकले होते, काही तर बोटभर लांब. चेंबर बसवताना सांधा बंद करायचं हे सिलिकॉन भरमसाट लावलं की जादाचं आत दाबलं जातं आणि सुटून जाळीवर बसतं. चेंबर त्याआधी फक्त तुमच्याकडेच उघडला होता. जाळी साफ करून नवीन ऑइल भरल्यावर गरम इंजिनचं प्रेशर गेजवर नीट आलं आणि दिवा बंद झाला. फोटो आणि बिलं सोबत जोडली आहेत.

गाडीची वॉरंटी संपली असली तरी तुमच्या कामाची जबाबदारी संपत नाही. सेन्सरचे आणि बाहेरच्या दुरुस्तीचे पैसे परत करावेत. कमी प्रेशरवर गाडी चालल्याने बेअरिंगना इजा झाली आहे का, हे विनामूल्य तपासून लेखी द्यावं. यापुढे गेजचं रीडिंग जॉबकार्डवर लिहिल्याशिवाय कोणत्याही ग्राहकाला इंजिन खोलायला सांगू नये.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपला,
एक ग्राहक, कासारवडवली, ठाणे (प.)