दादाच्या हृदयातल्या पंपाबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, दादाचं हृदय बंद पडलंय का. नाही, बंद पडलेलं नाही. ते दमलंय, आणि त्याच्या वाटचं निम्म्याहून जास्त काम सध्या दुसरं कुणीतरी करतंय. फोनवर नीट सांगता येत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सगळं त्या पंपाबद्दल आहे असं धर.

पलंगाशेजारचा खोका म्हणजे पंप नव्हे, तो फक्त कंट्रोलर. पंप दादाच्या आत आहे. जांघेतल्या धमनीतून एक नळी वर नेतात, महाधमनीची झडप ओलांडतात आणि तिचं टोक हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात ठेवतात. शाळेत आपण त्याला जवनिका म्हणायचो. टोकाकडून रक्त आत ओढलं जातं आणि झडपेपलीकडे महाधमनीत सोडलं जातं. छाती उघडावी लागत नाही. तू सांगितलेला प्रकार, इम्पेला सीपी, पाच मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. त्यातलं पातं मिनिटाला जास्तीत जास्त ४६,००० फेरे घेतं आणि साडेतीन लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलू शकतं. निरोगी माणसाचं हृदय स्वस्थ बसल्यावर पाचेक लिटर ढकलतं, म्हणजे बघ.

याची मूळ कल्पना मला फार आवडते. रिचर्ड वॅम्पलर नावाच्या डॉक्टरांनी इजिप्तमध्ये शेताला पाणी चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू पाहिला आणि रक्तही असंच चढवता येईल असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांचा पंप १९८८ मध्ये टेक्सासला पहिल्यांदा माणसात बसवला. तेव्हा सगळ्यांना भीती होती की इतक्या वेगात रक्तपेशींचा चुरा होईल. तसा झाला नाही, निदान सगळ्यांचा नाही. इम्पेला नंतर जर्मनीतल्या आखेनमध्ये घडला.

आता तुझा खरा प्रश्न: अँजिओप्लास्टीने नस उघडली, मग हे कशाला? नस उघडली तरी तिच्यामागचा स्नायू काही दिवस बधिर राहतो. तो नीट आकुंचन पावत नाही, म्हणून रक्तदाब पडतो. दाब पडला की हृदयालाच रक्त कमी मिळतं आणि ते आणखी लुळं पडतं. यालाच कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. औषधांनी ठोका जोरात पाडता येतो, पण ते दमलेल्या बैलाला आसूड मारणं आहे. पंप कप्पा रिकामा करत राहतो, भिंतीवरचा ताण उतरतो, स्नायूला प्राणवायू कमी लागतो. बरं करण्याचं काम मात्र त्याचं नाही. सावरायचं हृदयालाच आहे, पंप फक्त तेवढी उसंत देतो.

म्हणून मॉनिटरवर रक्तदाबाची रेघ जवळजवळ सपाट दिसली तर लगेच धसका घेऊ नकोस. पंपाचा प्रवाह अखंड असतो, त्याला लाटा नसतात. लाटा हृदयाच्या. त्या उंचावायला लागल्या, तर आतून प्रतिसाद येतोय असं समज.

तुला खोटा धीर देणार नाही. वर्षानुवर्षं आम्ही फुग्याचा पंप, म्हणजे महाधमनीत ठोक्याच्या तालावर फुगणारा-मिटणारा फुगा, वापरत आलो, आणि २०१२ मध्ये ६०० रुग्णांच्या चाचणीत दिसलं की त्याने मृत्यू कमी होत नाहीत. इम्पेलाची मोठी चाचणी २०२४ मध्ये आली. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधले ३५५ रुग्ण, सगळे मोठ्या हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेले. सहा महिन्यांत पंपाच्या गटात ४५.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारात ५८.५ टक्के. फरक मोठा आहे. पण हृदय थांबून बेशुद्ध राहिलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, आणि पंपाच्या गटात रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, डायलिसिसची गरज, सगळंच जास्त होतं. मला विचारशील तर दादासारख्या माणसाला मीही बसवला असता. मात्र तो सरसकट कुणालाही बसवावा या मताचा मी नाही.

म्हणूनच सिस्टर सारखी त्याचा पाय चाचपते. पाऊल गार किंवा पांढुरकं वाटलं तर कुणाची वाट न बघता सांग. तो पाय दुमडायचा नाही, शुद्धीत आल्यावर तो कुरकुरेल, तरी नाही. लघवी गडद, चहासारखी झाली तर पेशी फुटत असतील, बऱ्याचदा नळी जागची हलल्यामुळे. ती एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, बघून सरकवतात. ग्लुकोजची बारीक धार नळीतून सतत चाललेली असते, ती मोटारीत रक्त शिरू नये म्हणून. ती सलाइन आहे असं वाटून काकूंनी "एवढंच सलाइन?" म्हणून वाद घालू नये!

पुढे पंपाची पातळी पायरीपायरीने उतरवतील. खोक्यावर "पी" आणि पुढे आकडा दिसतो, तोच. प्रत्येक पायरीला दाब टिकतो का ते बघतात. टिकला तर नळी काढतात. जास्त दिवस लागणार असतील तर खांद्याजवळच्या धमनीतून मोठा पंप बसवता येतो, त्यात पाय मोकळा राहतो आणि माणूस थोडा चालूही शकतो. आणि हृदय सावरलंच नाही, तर कायमचा पंप किंवा प्रत्यारोपण झेपेल का, हे डॉक्टर बोलतील. ते बोलणं त्यांनी काढायच्या आधी तू काढलंस तरी चालेल.

उद्या राउंडला लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) किती उतरलं, लघवी तासाला किती होते आणि "पी" कितीवर आहे, एवढं विचारून मला कळव. वहिनींना थोडा वेळ घरी झोपायला पाठव. मी रात्री जागाच असतो, कितीही वाजता फोन कर.

तुझा,
अविनाश