जोगेन सेनचा चष्मा

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू घाईत होतास म्हणून नीट बोलता आलं नाही, आता सगळं लिहूनच काढतो. आणि हो, काम आहे तुझ्याकडे, शेवटी सांगतो.

तुला म्हणलं होतं ना, इथे लीड्स युनिव्हर्सिटीच्या वॉर मेमोरियलवर सगळी इंग्रज नावं वाचत असताना मधेच एक 'सेन' दिसला म्हणून. तो जोगेंद्रनाथ सेन, बंगालमधल्या चंदननगरचा. १९१० ला इथे शिकायला आला, १९१३ ला इंजिनिअर झाला आणि लीड्स कॉर्पोरेशनच्या वीजकेंद्रात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. म्हणजे बघ, तुझंमाझंच फील्ड, आणि आज मी ज्या गावात नोकरी करतो त्याच गावात, शंभर वर्षं आधी. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये तो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सप्टेंबर १९१४ मध्ये लीड्समधली पोरं सैन्यात भरती व्हायला लागली तेव्हा हा पण गेला. आपल्या साताऱ्याच्या अपशिंग्यातले लोक गेले ते हिंदी फौजेतून, पण जोगेन थेट इथल्या बटालियनमध्ये, लीड्स पाल्स म्हणायचे तिला, म्हणजे एकाच शहरातले दोस्त, शेजारी, ऑफिसवाले सगळे एकत्र. त्यात हा एकटा हिंदी. पोरं त्याला 'जॉन' म्हणायची. त्याच्याच बटालियनमधल्या आर्थर डॅल्बीने म्हातारपणी सांगून ठेवलंय की आमच्या हटमध्ये एक हिंदू होता, अख्ख्या बटालियनमध्ये सगळ्यात शिकलेला, सातेक भाषा यायच्या, पण त्याला साधा लान्स कॉर्पोरल पण होऊ दिलं नाही, कारण गोऱ्या माणसाच्या वर काळा माणूस चालायचा नाही. हे वाचून मला फार लागलं रे. ज्यांच्यासोबत राहायचं, जेवायचं, मरायचं त्यांना पण ते दिसत होतं, आणि तरी तो प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाईच राहिला.

आधी यॉर्कशायरच्या डोंगरात ट्रेनिंग, मग इजिप्तला सुएझ कालव्यावर पहारा, आणि मार्च १९१६ ला फ्रान्स. २२ मेच्या रात्री सॉमच्या भागात काटेरी तारा लावायला गेलेल्या तुकडीत होता, तोफगोळे चालू झाले, आधी पायाला लागलं, मग मानेला. २८ वर्षांचा होता. कोलँकाँच्या सुक्रेरी मिलिटरी सिमेटरीत आहे तो. त्यानंतर चाळीसच दिवसांनी, १ जुलैला, सेर गावापुढे त्याची बटालियन जवळजवळ सगळी कापली गेली.

आता त्याचा माग कसा लागला ते ऐक. शंतनू दास म्हणून अभ्यासक आहेत, त्यांना २००५ मध्ये चंदननगरच्या म्युझियममध्ये रक्ताचे डाग पडलेला एक तुटका चष्मा दिसला, जोगेनचा. नंतर कधीतरी ते लीड्सला आले आणि त्यांना मेमोरियलवर हे नाव दिसलं, तेव्हा दोन टोकं जुळली. त्याच्या वस्तूंत एका मुलीचा फोटो पण आहे, त्यावर 'सिस' अशी प्रेमाने केलेली सही. मला सगळ्यात जास्त तो चष्मा छळतोय. त्या रात्री अंधारात तारा ओढताना तो त्याच्या नाकावर असणार, आणि मग तोच चष्मा एवढा समुद्र ओलांडून घरी गेला, माणूस राहिला तिकडेच.

तर काम हे. तू कोलकात्यात आहेस, हावड्याहून लोकलने चंदननगर काही लांब नाही, हुगळीच्या काठावरच आहे म्युझियम. एखादा रविवार काढ, जायच्या आधी उघडं आहे का तेवढं विचार. फोटो काढू देत नसतील तर राहू दे, पण काचेपाशी जरा वेळ थांब आणि नीट बघ, डाग कुठे आहेत, काच कुठे तुटलीय, सगळं मला लिहून कळव. मी कोलँकाँला जायची रजा टाकलीय मे महिन्यात, २२ तारखेलाच पोचतो म्हणतो. तिकडे गेल्यावर तू लिहिलेलं त्याच्यापाशी बसून वाचीन.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझाच,
मंदार