गुडवुडची तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते ‘कशाला एवढा खर्च’, आई, तू म्हणाली असतीस ‘ह्यांना झेपेल का’, आणि ह्या दोन वाक्यांत आपले कितीतरी रविवारचे फोन संपले असते. म्हणून आधी काढली आणि आता कळवतेय. इथल्या गुडवुडचा फेस्टिव्हल ऑफ स्पीड, म्हणजे जुन्यानव्या गाड्या पळवण्याचा मोठा मेळा, जुलैमधला, गुरुवारचा दिवस. तुम्ही दोघं आणि आम्ही दोघं. चिनूचं काढावंच लागलं नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांबरोबर फुकट आहे. आई, रुपयांत किती होतात ते विचारू नकोस. तुझ्या जावयांनाही दम देऊन ठेवलाय, कारण तू जरा गोड बोललीस की ते लगेच सगळं सांगून टाकतात.

आणि ही तिकिटं आयत्या वेळी गेटवर मिळत नाहीत, आधीच काढावी लागतात, म्हणून घाई केली. उधळपट्टी म्हणू नका. मागच्या खेपेला तुम्ही चिनूच्या वेळी आलात आणि इंग्लंड पाहिलंत ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आई डिंकाचे लाडू वळत होती आणि बाबा हीटरवर दुपटी वाळत घालत होते. लंडन बघितलं तेही परतीच्या आदल्या दिवशी, पावसात. ह्या वेळी मला कुणी काही करून घालायचं नाहीये.

आता बाबा, तुमच्यासाठी. शर्यत म्हटलं की दहा गाड्या एकदम सुटतात आणि एकमेकींवर आदळतात असं आईच्या डोक्यात असणार. इथे तसं नाही. इथे गाड्या एकामागून एक, एकेकट्या सुटतात. गुडवुडचे मालक ड्यूक ऑफ रिचमंड, त्यांच्या वाड्यासमोरून टेकडीवर जाणारा त्यांचा खाजगी रस्ता आहे, १.१६ मैलांचा, म्हणजे दोन किलोमीटरलाही थोडा कमीच. अरुंद, दोन्ही कडांना पेंढ्याचे गठ्ठे रचलेले, आणि वर जाईपर्यंत तीनशे फुटांचा चढ. दिवे घाटापुढे काहीच नाही, पण २०२२ साली एका विजेच्या गाडीने तो ३९.०८ सेकंदांत संपवला. तेवढ्या वेळात आपला दापोडीचा सिग्नल सुटत नाही. त्या गाडीच्या पोटाखाली पंखे आहेत, ते खालची हवा ओढून घेतात आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते, उभी असतानासुद्धा. हे कसं होतं ते मला विचारू नका, तुम्हीच बघा आणि चिनूला समजवा. तो मला रोज विचारतो.

ह्या ड्यूकचे आजोबा मोटारवेडे होते. युद्धातल्या विमानतळाभोवतीचा रस्ता त्यांनी शर्यतींसाठी खुला केला, १९४८ च्या सप्टेंबरात. म्हणजे तुम्ही जिच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलीत ती एसटी त्याहून साडेतीन महिन्यांनी मोठी! पुढे गाड्यांचा वेग वाढत गेला आणि १९६६ साली आजोबांनी शर्यती थांबवल्या. नातवाला त्या परत सुरू करायच्या होत्या, पण विमानतळाभोवतीच्या त्या सर्किटसाठी परवानगी मिळेना. तेव्हा त्याने काय केलं, तर १९९३ साली घरासमोरच्या रस्त्यावरच गाड्या पळवल्या. 

गुरुवारच का, तर गर्दी त्यातल्या त्यात कमी. वेळ लावून पळवण्याचा शेवटचा मुकाबला रविवारी असतो आणि त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते असं ऑफिसातले सगळे सांगतात. आपल्याला कोण पहिला आला ह्याच्याशी काय करायचंय? आपल्याला गाड्या बघायच्या आहेत. आणि इथली खरी मजा बाबा, पॅडॉकमध्ये आहे, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात त्या आवारात. त्याच तिकिटावर कुणालाही आत जाता येतं. शंभर वर्षं जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात, शेजारी फॉर्म्युला वनच्या, आणि मेकॅनिक लोक तुमच्यासमोर काम करत असतात. फक्त हात लावायचा नाही. पाना पुढे करायचा नाही. सल्ला तर अजिबात द्यायचा नाही.

आता पुढचं शांतपणे ऐकायचं. आई, मोठ्याने वाचत असशील तर इथे थांबून त्यांना आधी पाणी दे.

बाबा, तुमच्यासाठी मी एक बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने घेतली आहे. इथल्याच दुकानातून, दोन दिवसांसाठी. चार चाकं, हँडल, पुढे टोपली. व्हीलचेअर नाही हो. मागून कुणी ढकलत नाही, तुम्हीच चालवायची. घडी होऊन आमच्या डिकीत बसते. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय हे मला माहीत आहे, ते सपाटीवर आणि थंड वेळेला सांगितलंय. इथे गाडी लावतात तेच शेतात, तिथून गेटपर्यंत गवत, पुढे चढ, आणि जागा एवढी पसरलेली की रॅलीच्या गाड्या बघायला टेकडीच्या माथ्यावरच्या जंगलात जायचं तर ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीतून नेतात. आम्हीसुद्धा दमणार. तुमच्या वयाचे कितीतरी गोरे आजोबा टोपी घालून अशाच स्कूटरवरून मजेत फिरतात, कुणी वळूनही बघत नाही. आईने मागच्या वेळी मुंबई विमानतळावर व्हीलचेअर घेतली, तेव्हा पहिली वीस मिनिटं ‘लोक काय म्हणतील’ चाललं होतं आणि नंतर वर्षभर सगळ्या सोसायटीला सांगत होती की मला रांगच लागली नाही. तसंच होईल.

दिवाळीनंतरचं ते सगळं मला फोनवर कळत होतं. दादा-वहिनी तिथे होते, त्यांनी काही कमी पडू दिलं नाही, आणि त्यावर आपलं बोलून झालंय. परत उकरत नाही. पण तुम्ही चढावर उभे राहून दम खाताय आणि ‘जरा व्ह्यू बघतोय’ म्हणताय, हे मला त्या दिवशी नकोय. वहिनीने सांगितलंय मला, पर्वतीच्या पायऱ्यांवर तुम्ही हेच केलंत. मला तुम्ही इंजिनाकडे बघताना बघायचे आहात. बस.

दापोडीची खंडेनवमी आठवते का तुम्हाला? मला वर्कशॉपमध्ये फक्त त्या दिवशी यायला मिळायचं. लेथला झेंडूची माळ, व्हाइसच्या जबड्यात नारळ, पानांच्या चळतीवर हळदकुंकू आणि सगळीकडे डिझेल, उदबत्ती आणि पेढे ह्यांचा मिळून एकच वास. तुम्ही मला उचलून एका लेलँड बसच्या बॉनेटपाशी धरलं होतंत आणि म्हणालात, ऐक, कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय सांग. मी म्हटलं तिसरा. काहीही कळलं नव्हतं, तीन आकडा मला आवडायचा. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत सुटलात की पोरीला कान आहे. घरी येईपर्यंत मी तुमच्या खांद्यावरून उतरले नव्हते, आणि शर्टाला जे काळं लागलं होतं त्यावरून आईने आपल्या दोघांनाही झापलं होतं.

तर बाबा, लेलँडचं अख्खं इंजिन सहा-साडेसहा लिटरचं ना? फियाटची एस ७६ म्हणून १९११ ची एक गाडी आहे. सिलिंडर चारच, पण इंजिन अठ्ठावीस लिटरच्या वर. म्हणजे एकेक सिलिंडर सात लिटरचा! ब्रिस्टलच्या एका माणसाने ती वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली आणि २०१५ साली गुडवुडच्या ह्याच रस्त्यावर पळवली. एक्झॉस्टमधून ज्वाळा निघत होत्या. आपल्या वेळी ती येईलच असं नाही, म्हणून आशा लावून बसू नका, पण तिची भावंडं असतातच.

आवाजाचं मात्र मी ऐकणार नाही. जुन्या फॉर्म्युला वनच्या गाड्या सुटतात तेव्हा छातीत धडधडतं. तुमचा डावा कान वर्कशॉपने आधीच घेतलाय, उजवा मला हवाय. सगळ्यांसाठी कानावर लावायचे मफ आणलेत, चिनूचे निळे आहेत. ट्रॅकजवळ जाताना तुमचं कानातलं यंत्र काढून डबीत आणि वरून मफ. ‘आयुष्य गेलं आवाजात’ हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही. चिनूला मोलकॉम्ब नावाच्या वळणापाशी बसायचंय, कारण तिथे भलेभले पेंढ्यात घुसतात. त्याला त्याचे बाबा नेतील. आपण तिघं खालीच, वाड्याच्या बाजूला, झाडाखाली घडीच्या खुर्च्या टाकून बसू. स्टँडमधल्या जागेचं वेगळं तिकीट असतं, पण तिथे पायऱ्या असतात, म्हणून घेतलं नाही.

आई, तुला वाटेल ह्यात माझं काय. गुरुवार म्हणजे तुझा उपास, ते माझ्या लक्षात आहे. सकाळी इथूनच साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून घेऊ, राजगिऱ्याचे लाडू मी आत्ताच आणून ठेवलेत, आणि थर्मासमध्ये तुझा चहा. बाकीच्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या मी करेन, तू पीठसुद्धा मळायचं नाहीस. आतलं खाणं महाग आणि तुला चालण्यासारखं फारसं नाही. संडास जागोजागी आहेत, तात्पुरते ठेवलेले, पण रांग लागते, तेव्हा ‘आत्ता नको, नंतर’ असं म्हणायचं नाही. सावलीची छत्री घेतली आहे. आणि तुझ्या क्रिकेटचं सांगायचं राहिलंच. ह्या वाड्यासमोर क्रिकेटचं मैदान आहे. १७२७ साली तेव्हाच्या ड्यूकने एका सामन्यासाठी दुसऱ्या पक्षाशी लेखी करार केला होता, कसं खेळायचं ते ठरवून. क्रिकेटचे लेखी नियम म्हणून सापडतात त्यांतले अगदी पहिले ते हेच. त्यामुळे हे आजोबा-नातू इंजिनात डोकं घालून बसले की तू आणि मी त्या बाजूला चक्कर मारू, आणि तू मला तुझ्या रेडिओच्या कॉमेंटरीच्या गोष्टी परत सांग.

वाड्यासमोर दरवर्षी खऱ्या गाड्या उंच आभाळात टांगलेलं एक अवाढव्य शिल्प उभं करतात. वर्षानुवर्षं ते घडवणारे जेरी जुडा जन्मले कलकत्त्यात. हे कळल्यापासून चिनू ते सगळं आपलंच आहे अशा थाटात बोलतो.

आम्ही पहाटेच निघू. आमच्या रेडिंगहून एरवी दीड-दोन तासांची वाट आहे, पण त्या दिवशी चिचेस्टरजवळ ए २७ हा रस्ता तुंबतो. गाडीत झोपा. कंटाळा आला, दमलात, किंवा नुसतं ‘पुरे’ वाटलं तरी सांगायचं, आपण दुपारी दोनला निघू. पैसे वसूल करायला कुणीही थांबायचं नाही.

आता नीट ऐका. बाबांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्त, सगळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत एकही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्यावर गोळ्यांची कंपनीची नावं नकोत, औषधाची मूळ नावं हवीत. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात, पँटच्या नाही. प्रवासाच्या विम्यात दिवाळीनंतरचं सगळं खरं खरं लिहायचं, दादा फॉर्म भरेल, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. बूट आत्ताच घ्या आणि रोज घाला, नवे बूट इथे येऊन चावायला नकोत. आई, तुझा तो तपकिरी स्वेटर आणि कानटोपी आण. जुलै असला म्हणून काय झालं, २०२३ साली वारा इतका सुटला की शनिवारचा अख्खा कार्यक्रम रद्द करावा लागला होता. साडी नेसायची तर नेस, पण गवतातून चालायचंय, पंजाबी ड्रेस बरा. लोणचं आणू नका. आणलंच तर दादाकडून नीट पॅक करून घ्या.

आणि तब्येतीने त्या आठवड्यात नाही म्हटलं तर नाही जायचं. तिकिटाचं मनाला लावून घ्यायचं नाही, घरीच पत्ते खेळू. चिनूला मेंढीकोट शिकवायचं राहिलंच आहे.

दादा-वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुमची,
बेबी

ता. क. स्कूटरच्या दुकानदाराने चालवणाऱ्याचं वजन विचारलंय, त्यावर बॅटरी किती मोठी द्यायची ते ठरतं. बाबा, आजचं वजन कळवा, रिटायर झालात त्या वेळचं नको. आई, काटा तू बघ.