वॉटसन हॉटेलच्या आतील नोंदींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मुंबईत काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, बाहेरून कसे दिसत होते हे दाखवणारी छायाचित्रे भरपूर आहेत. आत माणसे कशी वावरत होती, हे दाखवणारी मात्र फारच थोडी सापडतात. धोकादायक ठरल्यामुळे २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली, भाडेकरू शहरभर पांगले आणि त्यांच्याबरोबर खोल्याखोल्यांमधली माहितीही गेली. ती जमेल तितकी गोळा करण्याचे काम आमच्या स्थानिक वारसा समितीने हाती घेतले आहे.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी १८६७ ते १८६९ या काळात ही इमारत उभारली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या भव्य छपराच्या कामातही त्यांचा वाटा होता. बीडाचे खांब आणि लोखंडी तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईत आणल्या गेल्या आणि येथे एकमेकींत जोडल्या गेल्या. सगळा भार या सांगाड्यावर असल्यामुळे खांबांमधल्या विटांच्या भिंती केवळ आडोशापुरत्या होत्या. पुढे जगभर उंच इमारती ज्या तत्त्वावर बांधल्या गेल्या, ते आपल्याकडे इतक्या लवकर येऊन पोहोचले होते. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. मधल्या चौकावर काचेचे छप्पर होते. ते नाहीसे होण्यापूर्वी तेथे उभे राहिलेल्या कोणाची आठवण घरात सांगितली जात असेल, तर ती आम्हांला हवीच आहे.

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलचित्रे भारतात प्रथम येथेच एक रुपया तिकिटाने दाखवली गेली. त्या दिवशीच्या चित्रांत भिंत पाडण्याचेही एक दृश्य होते, याची आज गंमत वाटत नाही. ‘टाटांना येथे प्रवेश नाकारला म्हणून ताज उभे राहिले’ ही गोष्ट मात्र आमच्या कानांवर पुष्कळदा आली आहे. तिला एखाद्या कागदाचा आधार असेल तर तो अवश्य द्यावा, नुसती गोष्ट नको.

हॉटेल गेल्यावर खोल्यांना लाकडी पार्टिशन पडली आणि कोर्ट जवळ असल्याने वकिलांची कार्यालये थाटली गेली. २००५ मध्ये सज्जांचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा या इमारतीकडे पाहिले. हॉटेलच्या वैभवावर बरेच लिहिले गेले आहे. या नंतरच्या वस्तीकडे अभ्यासकांनी तितके लक्ष दिलेले नाही, आणि आम्हांला ती अधिक मोलाची वाटते.

म्हणून खोली क्रमांक लिहिलेल्या भाडेपावत्या, कार्यालयाच्या पाट्या, दुरुस्तीची बिले, लेटरहेड, जिन्यात किंवा सज्जात काढलेले फोटो, जे असेल ते आणावे. फोटोत आपले वडील टेबलाशी बसलेले असतील आणि मागे खांबाचा नक्षीदार माथा अर्धाच दिसत असेल, तरी तो आमच्या कामाचा आहे, कारण वडिलांच्या उंचीवरून खांबाचे माप अंदाजाने काढता येते. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही; आपल्यासमोरच स्कॅन करून परत देऊ. येथे काम केलेले कारकून, शिपाई, टंकलेखक यांनी तासभर बोलण्यास वेळ दिल्यास आम्ही घरी येऊ.

आर्थिक मदत स्कॅनिंग, ध्वनिमुद्रण आणि इमारतीचे नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे मानधन, एवढ्यासाठीच वापरली जाईल. इमारतीच्या दुरुस्तीसाठी आम्ही निधी गोळा करत नाही, तेव्हा त्या हेतूने कोणी रक्कम देऊ नये. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब समितीच्या फलकावर लावला जाईल.

आपले,
समितीचे कार्यकर्ते