आई-आप्पा, बोकड वेगळा बांधा

आई, आप्पा,
साष्टांग नमस्कार. फोनवर आप्पा दोन मिनिटांत "ठेव आता" म्हणतात म्हणून लिहूनच पाठवतेय, भाऊ वाचून दाखवेल. आई परवा म्हणाली की थंडीत आप्पा अख्खी रात्र गोठ्यात बसून होते आणि आता मे मध्ये अजून एक बकरी विणार आहे. हे ऐकल्यापासून माझं लक्ष लागत नाहीये. बोकड वर्षभर कळपात मोकळा फिरतो म्हणून हे होतं, आज एक विते, महिन्याने दुसरी, आणि तुम्हाला वर्षभर जागरण. मे मध्ये आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, हिरवा चारा नाही, बकरीला दूध सुटत नाही आणि करडू उन्हाने मान टाकतं.

म्हणून एकच सांगणं आहे, बोकड वेगळा बांधा. गोठ्यापासून लांब, वाससुद्धा येणार नाही असा, विहिरीवरच्या निंबाखाली चालेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणा. असा महिनाभर लांब ठेवलेला बोकड एकदम समोर आला की बऱ्याचदा त्या वासानेच बकऱ्या आठ-दहा दिवसांत एकापाठोपाठ माजावर येतात. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, म्हणजे सगळ्या नोव्हेंबरात वितील, बांधावर हिरवं असेल, थंडीचा कडाका नसेल आणि मी रजा काढून येईन. तेव्हा रात्री मी बसेन, आप्पांनी झोपायचं.

पण त्यासाठी बोकडाला मे मध्ये जपावं लागेल. त्याचं वीर्य तयार व्हायला जवळपास सात आठवडे लागतात, म्हणजे मे च्या उन्हात तापला तर त्याचा फटका जून-जुलैत बसतो, बकऱ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात, आणि आपण बकरीलाच नावं ठेवतो! दुपारी सावली, भरपूर थंड पाणी, वैरण सकाळी लवकर आणि संध्याकाळी. आणि आप्पा, त्याला सरकी नका देऊ. आपल्याकडे कापूस म्हणून सरकी-ढेप सगळ्यांनाच घालतो, पण सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते रोज जास्त पोटात गेलं की नराच्या वीर्याला बाधतं. मक्याचा भरडा, थोडे भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याची ढेप द्या.

आता तुम्हाला न आवडणारं. हा बोकड घरचा आहे, आईने बाटलीने वाढवलाय, मला माहितीये, पण त्याच्या पाटी, म्हणजे त्याच्यापासून झालेल्या तरण्या बकऱ्या, आता माजावर यायला लागल्यात. बापलेकीचा संबंध झाला की करडं बारीक, अशक्त होतात, मरतात जास्त, पुढे दूधही घटतं. त्याला विका किंवा दुसऱ्या गावच्या कळपाशी बदला आणि सुरती जातीचा बाहेरचा आणा, त्याची आई दोन्ही वेळचं मिळून किती दूध देत होती ते विचारूनच. नुसता अंगापिंडाने मोठा बघून घेऊ नका. वर सांगितलेलं लांब बांधणं आणि उन्हातलं जपणं मग त्या नव्याचंच. पाटींनाही घाई नको, वर्षाच्या आसपास आणि 22-25 किलो भरल्याशिवाय फळवू नका.

माज ओळखायचं काम आईकडेच राहू दे. शेपूट हलवत राहते, ओरडते, चारा टाकते, मागे चिकट येतं, हे तिला लांबूनच कळतं, आप्पा तिचं ऐका जरा. सकाळी दिसली तर संध्याकाळी बोकडाला दाखवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल ठिपका करा, मग 18 ते 21 दिवसांनी लक्ष ठेवा, परत माजावर आली तर उलटली समजायचं. दोन-तीनदा उलटली तर डॉक्टरांना दाखवा, घरगुती काढे नकोत. फळवायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो भरडा जास्त द्या, जुळी होण्याची शक्यता वाढते. आणि विण्याच्या दोन महिने आधी दूध आटवायचंच, शेवटच्या दीड महिन्यातच करडू पोटात झपाट्याने वाढतं.

आई, एक तुझ्यासाठी खास. बकरी गाभडली तर पडलेलं करडू आणि जार उघड्या हाताने उचलायचं नाही, तू नेहमी तसंच करतेस. ब्रुसेलोसिस नावाचा आजार असला तर तो माणसालाही होतो, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी, या वयात तुला तो नकोच. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, डॉक्टरांना सांगून कळपाचं रक्त तपासून घ्या, आणि दूध उकळूनच घ्या, धारोष्ण नाही. हातमोज्यांचा डबा कुरियरने पाठवलाय, भाऊ तालुक्याला गेला की घेऊन येईल.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, येतेच आहे, तोवर नवीन बोकड बघून ठेवा, आपण तिघं मिळून जाऊन आणू.

तुमची लेक