एक्सरेला पाठवताना चिठ्ठीवर काय लिहिता?

संपादक साहेब, नमस्कार,

नवीन एमआरआय मशीन आलं की फोटोसकट बातमी येते, चांगलंच आहे, पण मला बोलायचंय ते तपासणीला पाठवताना डॉक्टर जी चिठ्ठी देतात तिच्याबद्दल.

माझ्या भाच्याला सारखा कफ व्हायचा. 9 महिन्यांचा असताना छातीचा एक्सरे काढला, चिठ्ठीवर फक्त 'खोकला, ताप'. रिपोर्ट नॉर्मल, न्यूमोनिया नाही, आम्ही खूश. मग हर्नियाचं ऑपरेशन झालं, कान फुटायचे, बोटं सरळ होईनात, बसवलं की पाठीला कुबड, आणि दर वेळी वेगळा डॉक्टर, वेगळी फाईल. शेवटी लहान मुलांचे एक्सरे बघणाऱ्या एका मॅडमनी तीच जुनी फिल्म उजेडात धरली आणि बहिणीला बोट ठेवून दाखवलं, बघा, बरगड्या कण्याजवळ बारीक आणि पुढे रुंद होत गेल्यात, होडीच्या वल्ह्यासारख्या. मग बाजूने एक्सरे काढला तर कमरेच्या मणक्याला चोच आलेली. एमपीएस, म्हणजे शरीरात एक एन्झाइम जन्मतःच कमी असलेला आनुवंशिक आजार, त्यातला हर्लर प्रकार. पक्कं झालं ते एन्झाइम आणि जीनच्या टेस्टनेच, पण कुठली टेस्ट करायची हे त्या बरगड्यांनी सांगितलं ना! यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट शक्यतो 2 वर्षांच्या आत करतात कारण शिरेतून दिलेलं एन्झाइम मेंदूपर्यंत पोचत नाही. आम्हाला कळलं तेव्हा बाळ 23 महिन्यांचं.

रेडिओलॉजिस्टवर राग नाही माझा, त्यांना फुप्फुस विचारलं, त्यांनी फुप्फुस सांगितलं. पण चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहायला काय जातं? जुबेर सिंड्रोम या मेंदूच्या जन्मजात आजारात म्हणे एमआरआयवर मेंदूच्या आडव्या छेदात चक्क दाढेसारखा आकार दिसतो, बाळाचे डोळे विचित्र फिरतात, अंग सैल आहे एवढं जरी कळवलं तरी बघणारा तिथे नीट बघेल. नाहीतर परत स्कॅन, आणि लहान बाळाला त्यासाठी बऱ्याचदा झोपेचं औषध द्यावं लागतं, ते काय हौसेने कोणी दोनदा करतं का.

आणि आईबापांनो, जुन्या फिल्म, सीडी सगळं सांभाळा आणि नवीन डॉक्टरकडे जाताना घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको. आमच्या बहिणीने ती फिल्म रद्दीच्या गठ्ठ्यात घातली होती, नॉर्मल लिहिलंय ना म्हणून.

एक मावशी