तालमीची जागा वारसांच्या नावावर कशी चढते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेठेतल्या एका जुन्या तालमीचा मी सेक्रेटरी. आखाडा, वर एक हॉल आणि रस्त्याकडंला भाड्यानं दिलेले दोन गाळे, एवढीच काय ती इस्टेट. जागा घेतली तेव्हा तालीम रजिस्टर नव्हती म्हणून खरेदीपत्र पाच पंचांच्या नावावर झालं, त्या काळात सगळे असंच करायचे. पुढं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्टची नोंदणी झाली, शेड्यूल वनला म्हणजे तिथल्या ट्रस्टच्या नोंदवहीत जागाही चढली, पण प्रॉपर्टी कार्डावरची, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकी उताऱ्यावरची, पंचांची नावं बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चौघं आधीच गेले, शेवटचे अण्णा दोन वर्षांमागं वारले आणि यंदा घरफाळ्याची पावती बघतोय तर अण्णांच्या पोरांची नावं! त्यांनी राहत्या घराची वारस नोंद घातली होती, त्याच अर्जात आमचा आखाडापण गेला.

आता कायदा यात अगदी सरळ आहे. ट्रस्टी म्हणजे आमच्या भाषेत पंच, तो गेला म्हणून ट्रस्टची जागा त्याच्या वारसांकडं जात नाही, ती त्याची कधी नव्हतीच, तो फक्त सांभाळणारा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणं ट्रस्टी कमी झाला की ९० दिवसात धर्मादायकडं चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यायचा, नवा घेतला की त्याचापण द्यायचा. आम्ही तो वेळेत दिला नाही ही आमचीच चूक, अण्णांचं सुतक, मग गणपती, मग ऑडिट करत राहून गेलं, आता विलंब माफीचा अर्ज जोडून दिलाय.

खरी गंमत पुढं आहे. सिटी सर्व्हेत वारसांची नावं कमी करायला गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले, वारसांचं हक्कसोडपत्र आणा. अहो, जो हक्क नव्हताच तो सोडायचा कसा? आणि तसा कागद केला म्हणजे आपणच लिहून दिल्यासारखं झालं की जागा अण्णांची होती, उद्या एखादी लेक म्हणाली मी नाही सही करत, मग? दुसऱ्या एकानं सल्ला दिला की नव्या ट्रस्टीच्या नावानं बक्षीसपत्रच करून टाका. ते तर लईच भारी, कारण ट्रस्टची जागा विकायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. इथं ना विक्री ना बक्षीस, जागा ज्याची त्याचीच आहे, नुसता सांभाळणारा बदललाय!

माझं म्हणणं एवढंच की शेड्यूल वनचा उतारा आणि मंजूर चेंज रिपोर्ट बघून सिटी सर्व्हेनं सरळ संस्थेचं नाव लावावं. व्यक्तीचं नावच नको, म्हणजे दर मयताला हा खेळ नको. धर्मादायच्या रजिस्टरला जागा चढली की तिची खबर भूमी अभिलेखला आपोआप जावी, दोन्ही सरकारी खातीच आहेत की. आणि कोल्हापुरात तालमी, मंडळं, वाचनालयं काय कमी आहेत का, त्यांच्या कारभाऱ्यांनी ह्याच आठवड्यात आपलं प्रॉपर्टी कार्ड काढून बघावं, गावाकडं जमीन असंल तर सातबारा बघावा. तिथं फेरफाराची, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीची, नोटीस लागल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, पण नोटीस मयताच्या घरी जाते, तालमीत कोण आणून देणार?

आम्ही फेरफारावर अपील केलंय. अण्णांचा थोरला तर स्वतः येऊन म्हणाला, "काका, मला कुठं जागा पाहिजे, कुठं सही करायची तेवढं दाखवा." दाखवायला आमच्याकडं त्या हक्कसोडाशिवाय दुसरा कागदच नाही.

आपला,
एक तालीमवाला, कोल्हापूर